तीन पायांचा सिंह

राजे आपल्या नावापेक्षा ध्वजावरच्या चिन्हाने अधिक ओळखले जात, त्या जुन्या काळातली ही गोष्ट. कुणाचा गरुड असे, कुणाचा वराह, तर कुणाचा मत्स्य. एका मोठ्या साम्राज्याचे चिन्ह होते सिंह. त्यांच्या नाण्यांवर सिंह, राजमुद्रेवर सिंह आणि वेशीच्या कमानीवरही सिंह. सैन्याच्या पुढे उंच काठीवर भगवे रेशमी निशाण फडके आणि काठीच्या टोकाला सोन्याने मढवलेला सिंह उभा असे.

या सिंहाबद्दल मूळपुरुषाने एक कडक नियम घालून दिला होता. हा ध्वज कुणापुढेही झुकणार नाही. जो झुकवील त्याचे मस्तक उतरवले जाईल. तेव्हापासून सिंहाने कधी मान खाली घातली नव्हती, आणि साऱ्या प्रजेला याचा अभिमान होता.

ध्वज धरण्याचा मान सोढल नावाच्या सैनिकाकडे होता. त्याच्या आजोबांनी आणि वडिलांनीही हीच काठी पेलली होती.

एकदा सैन्य मोहिमेवरून परतताना नदी ओलांडत होते. वरच्या डोंगरात पाऊस झाला असावा. बघता बघता पाणी चढले. सोढल ध्वज घेऊन काठावर पोहोचला होता. मागून धान्याचे बैल येत होते. त्यांच्यासोबतच्या एका म्हाताऱ्या बैलवाल्याचा पाय सुटला आणि तो प्रवाहात वाहू लागला. दोर आणायला वेळ नव्हता. सोढलने ध्वजाची काठी आडवी केली आणि पाण्यात पुढे सरकवली.

म्हाताऱ्याच्या हाताला सिंह लागला. त्याने तो घट्ट धरला. सोढलने त्याला ओढून काठावर घेतले, पण ओढताना सिंह खडकावर आपटला. त्याचा एक पाय तुटून नदीत गेला. रेशीम चिखलाने माखले.

सेनापतीने सोढलला बांधून सम्राटापुढे उभे केले.

सम्राटाने विचारले, "नियम ठाऊक होता?"

"होता, महाराज. लहानपणापासून ठाऊक आहे."

"मग?"

"काठी लांब होती, महाराज. तेवढं लांब दुसरं काही हाताशी नव्हतं."

सेनापती म्हणाला, "महाराज, सैन्यात बैलवाले पुष्कळ आहेत. सिंह एकच आहे. आज याला सोडलं, तर उद्या भर लढाईत कुणीही ध्वज टाकील आणि म्हणेल, मी कुणाला तरी वाचवत होतो."

त्याच्या बोलण्यात तथ्य होते. पूर्वजांची आज्ञा मोडावी, तर घराण्याला बोल लागणार. पाळावी, तर हा माणूस जाणार. शेवटी त्याने बैलवाल्याला पुढे बोलावले.

"बाबा, तुम्ही आमच्या सिंहाला हात घातलात. भीती नाही वाटली?"

म्हातारा हात जोडून म्हणाला, "सिंह दिसलाच नाही, महाराज. डोळ्यांत पाणी गेलं होतं. कुणीतरी काठी पुढं केली, एवढंच कळलं."

सम्राट उठला. त्याने स्वतःच्या हाताने सोढलचे दोर सोडले.

"शत्रूपुढे हा ध्वज झुकला, तर झुकवणाऱ्याचं मस्तक जाईल. तो नियम तसाच राहील," तो म्हणाला. "पण बुडणाऱ्यासाठी जो हा ध्वज झुकवील, त्याला दरबारात माझ्याजवळ आसन मिळेल."

राजसोनार पुढे होऊन म्हणाला, "महाराज, आज्ञा झाली तर नवा पाय बसवून देतो."

"नको. आजपासून आमच्या घराण्याचा सिंह तीन पायांचा. नाण्यांवरही तसाच कोरा."

"शेजारची राजघराणी हसतील, महाराज," सेनापती म्हणाला.

"हसू देत. चौथा पाय कुठे गेला, असंही विचारतील. तेव्हा ताठ मानेने सांगू."

राजघराणी खरोखरच हसली. लंगडा सिंह म्हणून त्यांच्या दरबारांत चेष्टा झाली. पण नाणी बाजारातून बाजारात गेली, आणि नाण्याबरोबर गोष्टही गेली.

पुढे काही वर्षांनी सीमेपलीकडच्या एका नगराला लुटारू टोळ्यांनी हैराण केले. तिथला राजा पळून गेला होता. सम्राटाचे सैन्य मदतीला येऊन पोहोचले, तेव्हा नगराचे दरवाजे बंद होते. तटावर लोक दगड आणि उकळते तेल घेऊन उभे होते. कोणत्याही सैन्यावर विश्वास ठेवायची त्यांची तयारी नव्हती. धुळीत काठीवरचा सिंह तेवढा ओळखू येत होता, त्याचे पाय दिसत नव्हते.

तटावरून एका बाईने ओरडून विचारले, "तुमच्या सिंहाला पाय किती?"

सेनापतीने घोडा पुढे घेतला. सोढलला बांधून नेणारा तोच सेनापती, आता त्याचे केस पिकले होते. छाती भरून त्याने उत्तर दिले, "तीन!"

आतून अडसर सरकल्याचा आवाज आला, आणि नगराचे दरवाजे उघडले.

या गोष्टीचे तात्पर्य: माणूस वाचवताना मानचिन्हाला तडा गेला, तर त्याचा मान वाढतोच.