आधी कोणाला सोडायचं

डोंगरावर इंटरनेटच्या तारा नुकत्याच पोचल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या छोट्या दवाखान्यात एक नेटवर्क स्विच राहायचा. शहरातून इंटरनेटवर येणारं सगळं, आवाज असो की व्हिडिओ, त्याच्या दारातून आत जायचं. जो आधी येईल त्याला आधी सोडायचं, हा त्याचा नियम, आणि त्या नियमाचा त्याला भारी अभिमान.

एके दुपारी एक लठ्ठ व्हिडिओ रमतगमत आत शिरत होता. मागून शहरातल्या डॉक्टरांचा फोनवरचा आवाज धापा टाकत आला. "दादा, मला पुढे जाऊ द्या. सिस्टर वाट बघतायत."

"रांगेत या," स्विच म्हणाला. "इथे सगळे सारखे."

आत हेमांगी सिस्टर इंजेक्शन भरून उभ्या होत्या. शहरातले डॉक्टर सांगत होते, "हे इंजेक्शन देऊ नका." त्यातलं "देऊ" पोचलं आणि "नका" व्हिडिओच्या मागे अडकलं. सिस्टरांना शंका आली. त्यांनी हात आवरला आणि विचारलं, "डॉक्टर, देऊ की नको?" म्हणून पेशंट वाचला.

स्विचने हे सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी नेटवर्कवाल्या बाई आल्या आणि त्यांनी आवाजासाठी वेगळी, पुढची रांग करून दिली. स्विचने ते मान्य केलं.

व्हिडिओ मात्र कुरकुरला. "मी आधी आलो होतो. हा कुठला न्याय?"

"तू उशिरा पोचलास तरी तोच राहतोस रे," स्विच म्हणाला. "हा उशिरा पोचला, तर 'नको'चं 'दे' होतं."

आणि त्याने आवाजाला वाट करून दिली.