बेलाचं पान जड झालं

धर्म आणि राष्ट्र, या दोन शब्दांशिवाय आप्पासाहेब मोहोळकर पाणीसुद्धा पीत नसत. एकदा त्यांनी महादेवाच्या देवळात सभा भरवली आणि गरजले, "गांजा ओढणारा धर्माचा वैरी, देशाचा वैरी! त्याला औषधपाणी कसलं करता? सरळ तुरुंगात घाला! धर्मशाळेतलं व्यसनमुक्ती केंद्र उद्यापासून बंद!"

टाळ्यांनी देऊळ दणाणलं.

केंद्र चालवणारी भामाबाई गुरव हळद-बेलाचं तबक घेऊन पुढे आली. "ठराव मला मान्य आहे, आप्पासाहेब. पण धर्माचं काम आहे, तर बेलभंडार उचलूनच करू. प्रत्येकानं शपथ घ्यायची की माझ्या घरात, नात्यात कुणी गांजा ओढत असेल, तर मीच त्याला पोलिसांच्या हवाली करीन. पहिला मान तुमचा."

आप्पासाहेबांचा हात तबकापर्यंत गेला आणि तिथंच थबकला. मग तबक सभाभर फिरलं. एक पान हललं नाही.

"एवढंसं पान, एवढं जड झालं?" भामाबाई म्हणाली. "खोटी शपथ धर्मात बसत नाही आणि खरी कुणाला घेववत नाही. मग केंद्र राहू द्या की!"

केंद्र राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पहिली गाडी उभी राहिली ती आप्पासाहेबांची. मागच्या सीटवर मान खाली घालून त्यांचे जावई बसले होते.