मोरपाटणचा चिरलेला नगारा

गावात शिरताना वेशीवरचा नगारखाना पाहिलात का? वर चढून आत डोकावलात, तर तांब्याचा एक भला मोठा नगारा दिसेल. माणूस आत बसेल एवढे त्याचे भांडे आहे, पण त्यावर कातडे नाही. कडेला वादीचे काळे पडलेले तुकडे तेवढे लोंबतात. गावाने तो पुन्हा कधी मढवला नाही. तिथूनच समोर, तुळसा नदीच्या पलीकडे, एक बोडकी टेकडी दिसते. तिला ऐकणीची टेकडी म्हणतात.

आज मोरपाटण म्हणजे ज्वारीच्या रानात विखुरलेली थोडी घरे. पण एके काळी ही राजधानी होती, असे सांगतात. इथे रेशमाची पेठ होती, हत्तींना पाणी पाजायचा वेगळा घाट होता. नांगर जरा खोल गेला की अजूनही कोरीव दगड वर येतात. या नगराचा दिवस नगाऱ्यावर उगवत असे. राजाच्या शेगडीतले निखारे नगारखान्यात नेत, त्यांवर कातडे शेकून ताणत, आणि मग पहाटे नि दिवेलागणीला नगारा झडे. तो वाजला म्हणजे राजा खुशाल आहे असे समजून लोक आपापल्या कामाला लागत.

शेवटचे राजे धारोजी आणि त्यांची राणी म्हाळसा. त्यांचा एकुलता एक मुलगा सोमराज. एका दुष्काळात सोमराजाने वडिलांना न विचारता सरकारी कोठारे लोकांना उघडून दिली. धान्य गेल्याचे राजांना दुःख नव्हते म्हणे, न विचारल्याचे होते. भर दरबारात ते मुलाला म्हणाले, "माझ्या नावाचा नगारा वाजतो आहे, तोवर ही नदी ओलांडून अलीकडे यायचे नाही." सोमराजाने वडिलांच्या पायांवर डोके ठेवले आणि तो सरहद्दीवरच्या ठाण्यावर निघून गेला. आईला वाटले होते, राग आहे, पावसाळ्याआधी उतरेल. त्यानंतर कितीतरी पावसाळे गेले.

राग उतरला तो राजे अंथरुणाला खिळले तेव्हा. दार वाजले की ते मान वळवून विचारत, "सोमा आला का?" राणीने विश्वासातला स्वार पाठवायचे ठरवले. पण तो निघण्याआधीच, भाद्रपद सरता सरता, राजांचा श्वास थांबला. त्या वेळी खोलीत राणी आणि म्हातारा वैद्य, दोघेच होते.

राणी रडली नाही, असे सांगतात. रडायला सवड नव्हती. राजांचा चुलतभाऊ हैबतराव फौज घेऊन नगरातच बसला होता. गादी रिकामी झाल्याचे त्याला कळले असते, तर सोमराज वाटेतच मारला गेला असता. म्हणून राणीने राजांचा देह आतल्या दालनात तेलात ठेवला. कपाळाचे कुंकू तसेच राहू दिले, हातातला हिरवा चुडा तसाच राहू दिला. राजांचे ताट रोज आत जाई आणि ती ते स्वतः उष्टे करून बाहेर पाठवी. स्वाराला तिने एवढेच सांगितले, "आईने बोलावले आहे म्हण. निघून ये म्हण." मृत्यूचे त्यालाही सांगितले नाही. वाटेत पकडला गेला, तर मार खाऊन बोलेल, ही भीती होती.

आणि नगारा वाजत राहिला. आता शेगडीतले निखारे राणी स्वतः नगारखान्यात नेऊ लागली, कारण राजांच्या खोलीत हुजऱ्याला जाऊ देणे शक्य नव्हते. नगारा वाजवणारा गोंदा गुरव थट्टेखोर माणूस. पहिल्या दिवशी त्याने विचारले, "आज आईसाहेबांनीच आणले? हुजऱ्या सासुरवाडीला गेला की काय?" राणी हसली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तेव्हा त्याने तिच्याकडे नीट पाहिले. मग त्याने थट्टा केली नाही. तिसऱ्या दिवशी निखारे घेताना तो खाली मान घालून म्हणाला, "आईसाहेब, हात जड झालाय." राणी म्हणाली, "तरी वाजव, गोंदा."

राणी वाट पाहत राहिली. पुराचे पाणी असेल, घोडा थकला असेल, असे मनाला समजावत राहिली. प्रत्येक पहाटे नगारा झडला की तिला धीर येई. आणखी एक दिवस निभावला, हैबतरावाला अजून कळले नाही, पोराला वाट मोकळी आहे, असे तिला वाटे.

मग एका संध्याकाळी भिवा कोळी मासळीची पाटी घेऊन मुदपाकखान्याच्या दाराशी आला. पाटी खाली न ठेवता त्याने आईसाहेबांना भेटायचे आहे असे सांगितले. राणी आली.

"आईसाहेब, धाकलं धनी पलीकडं टेकडीवर हायेत," भिवा म्हणाला. "लई दिस झालं. स्वाराला ठान्यावरच ठिवून एकलंच आलंत. कुनाला सांगू नको म्हनले. आईनं चोरून बोलावलंय, आबासाहेबांना कळलं तर तिलाच बोल लागंल, म्हनले. पर आता ताप लई चढलाय, पानीबी पोटात ठरत न्हाई. म्या म्हनलं, नाव आनतो, चला. तर म्हनत्यात, आबासाहेबांचा नगारा वाजतोय न्हवं? मग कसा येऊ?"

राणीने दाराची चौकट धरली.

"सकाळी नगारा झाला की हात जोडत्यात," भिवा सांगत होता. "आबासाहेब खुशाल हायेत, बरं झालं, म्हनत्यात. मगच तोंडात पानी घेत्यात."

"आज सकाळीही जोडले?" राणीने विचारले.

"जोडले जी."

हैबतरावाच्या कानांचा विचार तिने केला होता, वेशीवरच्या पहारेकऱ्यांच्या, दासदासींच्या कानांचा केला होता. नदीपलीकडच्या त्या एका माणसाचे कान तेवढे ती विसरली होती. तिने भिवाला म्हटले, "तू पुढे हो. त्याला सांग, आबासाहेब गेले. जाताना त्याचेच नाव घेत होते, तेही सांग." भिवाने पाटी तिथेच टाकली आणि तो धावत सुटला.

दिवेलागण झाली होती. राणी नगारखान्याच्या पायऱ्या चढली, तेव्हा गोंदाने टिपऱ्या उचलल्या होत्या. तिने त्याचा हात धरला. त्याच्या कमरेचा वादी कापायचा सुरा घेतला आणि नगाऱ्याचे कातडे या कडेपासून त्या कडेपर्यंत चिरले. मग नदीकडे तोंड करून तिने हाक मारली, "सोमा, तुझे आबासाहेब गेले रे. घरी ये."

वारा उलटा होता, असे सांगतात. हाक नदीवर गेली नाही, नगरात पसरली. हैबतरावाने त्याच घटकेला वेस लावून घेतली आणि राणी आतच अडकली. गादी त्याला मिळाली, पण ती त्याला लाभली नाही. पुढे राजधानी दुसरीकडे गेली, पेठ उठली, घाट खचला.

आजही मोरपाटणात कोणाच्या घरी माणूस गेले, तर ते घटकाभरही झाकून ठेवत नाहीत. घरातले वडीलधारे माणूस उंबऱ्याबाहेर येते, नदीकडे तोंड करून गेलेल्याचे नाव घेते, आणि पहिला सांगावा सख्ख्या नातेवाइकाला नाही, तर ज्याच्याशी अबोला होता त्याला जातो. तो येईपर्यंत कोणी मयत उचलत नाही.

भिवाने टेकडीवर पोचून निरोप सोमराजाच्या कानात सांगितला, असे म्हणतात. त्याला तो कळला का, हे मात्र कोणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नगारा वाजला नाही. भिवाची नाव अलीकडच्या काठाला लागली, आणि भिवाच्या घोंगडीत डोक्यापासून पायांपर्यंत गुंडाळलेला सोमराज नदी ओलांडून घरी आला.