तुळसाक्काने सोवळ्याला हात लावला

श्रीनिवांतनाथ महाराज तेव्हा बदरीनारायणाच्या वाटेवर, धारकोट नावाच्या डोंगरगावी मुक्कामाला होते. बरोबर आपल्याकडची पंधरा-वीस भक्तमंडळी होती. वैशाख लागला होता आणि हिवाळाभर साचलेल्या बर्फावर एकाएकी कडक ऊन पडू लागले होते. गावापुढची बर्फाची उतरण ओलांडल्याशिवाय पुढे वाट नव्हती. गावच्या मुखियाने हात जोडून बजावले, "महाराज, उजाडायच्या आत पलीकडे व्हा. ऊन लागलं की वरचा कडा सुटतो. आठच दिवसांपूर्वी आमची चाळीस मेंढरं गाडली गेली."

मंडळींत मिरजेकडची तुळसाक्का होती. साठी उलटलेली, अंगाने भरलेली, गुडघ्यांनी पार अधू. तिला एक श्लोक धड येत नव्हता. महाराजांच्या अंघोळीचे पाणी तापवायचे, एवढीच तिची सेवा. पण काय ती सेवा! महाराजांना चटका बसू नये म्हणून आधी थोडे पाणी काढून स्वतःचे कोपर बुडवून पाहायची.

"ही बाई मध्येच बसकण मारील आणि आपल्या सगळ्यांना घेऊन मरेल," त्र्यंबकशास्त्री चारचौघांत म्हणाले. "हिला इथंच ठेवा." शास्त्रीबुवा मोठे विद्वान, पण विद्वत्तेचा तोराही तेवढाच मोठा.

तुळसाक्काचे डोळे भरून आले. बदरीनारायण अवघ्या दोन मुक्कामांवर आला होता, आणि त्या दर्शनासाठी तिने जन्मभर वाट पाहिली होती.

महाराज म्हणाले, "अक्का, नारायण दाखवल्याशिवाय तुला परत नेणार नाही. मी हाक मारली की ऐकायचं, बस्स."

पहाटे सगळे कंबर कसून उभे राहिले. शास्त्रीबुवांचा मात्र पत्ता नाही! त्यांनी रात्री सोवळ्याचे धोतर धुऊन वाळत घातले होते, आणि ते गोठून पापडासारखे कडक झाले होते. सोवळे वाळल्याशिवाय पूजा नाही आणि पूजा झाल्याशिवाय पाऊल बाहेर नाही, असा त्यांचा नेम. कोणी आपली लोकरीची धाबळी पुढे केली, तर म्हणाले, "शिवाशिव झालेली धाबळी मी नेसू? ऊन येईल, वाळेल." आता या हट्टाला काय म्हणावे!

महाराजांनी विचारले, "यांच्यासोबत कोण थांबतं?" सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"म्या थांबते जी," तुळसाक्का म्हणाली. "एकल्या माणसाला कसं सोडायचं?"

महाराजांनी तिच्याकडे मायेने पाहिले आणि बाकीच्यांना घेऊन ते अंधारातच पलीकडे गेले.

सोवळे वाळून, पूजा आटोपून दोघे निघाले तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. बर्फ भुसभुशीत झाला होता. पाय घोट्यापर्यंत रुतत होते आणि वरून पाणी ठिबकत होते. शास्त्रीबुवा सोवळे सावरीत पुढे चालले होते. मागून तुळसाक्का 'नारायण, नारायण' म्हणत एकेक पाय उचलत होती.

उतरणीच्या ऐन मध्यावर तिच्या कानाशी हाक आली, "अक्का, खाली बस!"

एरवी तिला बसायला दोन माणसांचा आधार लागे. त्या क्षणी ती मटकन खाली बसली, आणि बसता बसता तिने शास्त्रीबुवांच्या धोतराचा सोगा घट्ट धरला.

"अगं सोड! सोवळ्यात आहे मी!"

"म्हाराज बसा म्हनत्यात! बसा गुमान!"

तिने असा हिसका दिला की शास्त्रीबुवा पाठीवर आडवे झाले. तोच वर कडाड् आवाज झाला. धडधडत अख्खा कडा खाली आला आणि त्यांच्यापुढे दोन हातांवरून दरीत गेला. शास्त्रीबुवांचे पुढचे पाऊल तिथेच पडायचे होते.

पुढची उतरण त्यांनी तुळसाक्काचा हात धरून पार केली.

पलीकडे डोंगराच्या आडोशाला महाराज बसले होते. त्यांच्या दोन्ही हातांचे तळवे काळेनिळे पडले होते. मंडळी घाबरून ते शेकीत होती. "बसल्या बसल्या महाराजांनी एकदम हात वर केले," कोणीतरी सांगितले, "जणू काही तोलून धरलंय. खाली घेतले तेव्हा हातांना बर्फ चिकटलेला!"

शास्त्रीबुवा म्हणाले, "महाराज, तुमची हाक हिला एवढ्या लांब कशी हो ऐकू आली?"

"हाक?" मंडळी चकित झाली. "आज एकादशी. सूर्योदयापासून महाराजांचं मौन आहे. त्यांनी तोंडातून शब्द काढलेला नाही."

शास्त्रीबुवांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. ते महाराजांच्या चरणांवर कोसळले. महाराजांनी त्यांना हळूच उठवले आणि तुळसाक्काकडे बोट दाखवले. ती एका दगडावर पाय लांब करून गुडघे चोळत बसली होती. शास्त्रीबुवांनी सगळ्यांदेखत तिच्या बर्फाने माखलेल्या पावलांवर डोके ठेवले.

"अवो, हे काय करताय! उठा की!" बिचारी कासावीस झाली. "माजं गुडघं आखडल्यात, मला पाय बी मागं घेता येईना!"

शास्त्रीबुवा काही लवकर उठले नाहीत. महाराजांचे मौन मोडले नाही, पण हसू काही त्यांना आवरेना.