चिणलेली वेस

बोरखळीची उत्तर वेस दगडांनी चिणलेली आहे. शिवार सगळं त्याच बाजूला, तरी गाव औतं घेऊन वळसा घालून जातं. पाहुणे हसतात, हा कसला अडाणीपणा म्हणतात. हसावं, पण आधी ऐकून घ्यावं.

फार मागे एका गादीसाठी दोन भाऊ लढत होते. बोरखळीची वरची आळी एकाच्या फौजेत, खालची दुसऱ्याच्या. शेजारची गावं आपसांतच कापाकापी करून ओस पडली. तेव्हा दोन्ही आळ्यांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली, असं सांगतात. बाहेर कुणी कुणाचाही असो, वेशीच्या आत शस्त्र उपसायचं नाही. उपसलंच, तर समोरच्यांनी सूड घ्यायचा नाही. त्याच्याच घरच्यांनी त्याला वेशीबाहेर घालायचं. वरच्या आळीचा बेलभंडार येसाक्कानं उचलला. नवरा लढाईत पडल्यापासून आळीचा कारभार तीच पाहत होती.

पुढे एका सकाळी उडती खबर आली, की येसाक्काचा दीर लढाईत खालच्या आळीच्या भाल्यानं मेला. तिचा एकुलता एक मुलगा रायाजी तसाच वेशीच्या आतल्या खळ्यावर गेला आणि धान्य वारवणाऱ्या खालच्या आळीच्या सुभानला त्यानं कोयत्यानं तोडलं. खबर खोटी होती. दीर आठ दिवसांनी लंगडत घरी आला म्हणे.

खालची आळी काठ्याकुऱ्हाडी घेऊन उभी राहिली, पण जागची हलली नाही. सगळे येसाक्काकडे बघत होते. बाहेर दोन्ही फौजांचे लुटारू हिंडत होते. निःशस्त्र माणसाला वेशीबाहेर घालणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. येसाक्कानं रायाजीला दंडाला धरून उत्तर वेशीबाहेर काढलं आणि स्वतःच्या हातानं अडसर घातला. तो दार बडवत राहिला. ती अडसराला पाठ लावून बसली.

दुपारी लांबून टापा ऐकू आल्या. तेव्हा सुभानची आई भिवराबाई पुढे आली.

"उघड गं येसाक्का. तुझा जाऊन माझा थोडाच परत येनार हाय?"

"आज माझ्या पोरासाठी उघडलं, तर उद्या परत्येकाला पोर हायच की. मग ही वेस कशापायी?"

भिवराबाई तिच्या शेजारी बसली. बाहेरचा आवाज थांबेपर्यंत दोघी उठल्या नाहीत.

लढाई आणखी नऊ वर्षं चालली. बोरखळीत मात्र पुन्हा रक्त सांडलं नाही. पण तो अडसर काढायला कुणाचा हात धजेना, म्हणून दोन्ही आळ्यांनी मिळून वेस चिणली.

आजही चावडीवर तंटा आला, की ज्याच्या माणसाची चूक त्याच घरानं ती उभ्यानं सांगायची आणि दंडही त्यानंच ठरवायचा. बाप सांगतो, भाऊ सांगतो, चुलता सांगतो. आईला बोलावत नाहीत. ते एकदा झालं तेवढं पुरे, असं भिवराबाईनं ठरवलं, म्हणे.