मुद्रा उतरवण्याचा दिवस

एका राज्यात पक्षी माणसांसारखे बोलत आणि राजाची आज्ञा उमटताक्षणी खरी होई. त्या राज्यावर शीलध्वज नावाचा राजा चाळीस वर्षे राज्य करीत होता. त्याच्या बोटात पूर्वजांची शापित मुद्रा होती. राजाने आज्ञा उच्चारून मुद्रा टेकवली की पर्वतही हलत.

एके दिवशी भर दरबारात अश्वशाळेचा प्रमुख भिवजी राजाला मुजरा करण्यास पुढे आला. दोघे लहानपणापासून एकत्र वाढलेले. राजाने त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि तो म्हणाला, "हा चोर आत कसा आला? याचा दगड होवो." मुद्रा टेकली. भिवजीचा वाकलेला देह वाकलेलाच राहिला. त्याच्या मिशीच्या टोकापर्यंत काळा पाषाण चढला.

दरबारी मागे सरकले. राजकन्या चारुमतीच्या हातातले विड्यांचे तबक खाली पडले, ते कोणी उचललेही नाही. फक्त कर्कोट नावाचा मांत्रिक शांत होता. वर्षभरापूर्वी तो दरबारात आला होता आणि रोज राजाकडून हवे ते मुद्रांकित करून घेत होता. तो म्हणाला की महाराजांची प्रकृती उत्तम आहे, आणि तसे नाही म्हणणे हा राजद्रोह आहे.

न्यायासनाच्या खांबावर एक वृद्ध साळुंकी राहत असे. चारुमती तिच्याकडे गेली.

साळुंकी म्हणाली, "राजकन्ये, ही मुद्रा राजाच्या रक्ताचे माणूसच उतरवू शकते. पण आधी तीन दिवस तीन प्रश्न विचार. राजाला समजत असताना उतरवलीस, तर तूच पाषाण होशील. समजत नसताना ठेवलीस, तर बाकीचे होतील."

"समजते की नाही, हे मी कसे ओळखू?"

"तो काय विसरला ते मोजू नकोस. आपण काय करतो आहोत, हे त्याला उमगते का, ते पाहा."

पहिल्या दिवशी चारुमतीने विचारले, "तात, आज तिथी कोणती?" राजाला ती सांगता आली नाही. वर्षही सांगता आले नाही. तिने मुद्रेला हात लावला, तोच तिच्या बोटांची टोके दगडासारखी थंड पडली. इतक्यात न्हावी आला. राजाने त्याला परत पाठवले. म्हणाला, याचा हात जड आहे, आणि दाढी तुझ्या आईला आवडत असे, म्हणून ठेवायची आहे. चारुमतीने हात मागे घेतला. बोटे पुन्हा ऊबदार झाली. ज्याला स्वतःचे मन असे ठाऊक आहे, त्याचा ती अपमान करीत होती.

दुसऱ्या दिवशी तिने नदीवर पूल बांधावा की नौका ठेवाव्या, असे विचारले. राजाने तोच प्रश्न चार वेळा ऐकला. तिने चारही वेळा सावकाश सांगितले. शेवटी तो म्हणाला, "पावसाळ्यातला पूर पूल ठेवणार नाही. नौका ठेव." उत्तर शहाणपणाचे होते. चारुमती आनंदाने रडली आणि मनात म्हणाली, माझाच भ्रम होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती राजाला भिवजीजवळ घेऊन गेली. त्याचा हात त्या गार खांद्यावर ठेवून तिने विचारले, "तात, याचे काय झाले?"

राजाने पाषाणाची मिशी कौतुकाने चाचपली. "सुंदर पुतळा आहे," तो म्हणाला. "असे आणखी हवेत."

कर्कोट मागेच उभा होता. सारा महाल पाषाण झाला की राज्य त्याचेच होणार होते. त्याने स्वतःला वगळून लिहिलेले तयार ताडपत्र पुढे केले आणि हळूच सुचवले, "सारा महाल असाच सजवू या का, महाराज?" राजा लहान मुलासारखा हसला. "सजवा," म्हणाला आणि न वाचताच त्याने मुद्रा टेकवली.

स्वयंपाकघरातून किंकाळी आली आणि मध्येच तुटली. दारावरचे पहारेकरी कमरेपर्यंत काळे झाले. स्वतः राजाची पावले फरशीला जडली, आणि त्याला त्याचेही हसूच येत होते.

"आता," साळुंकी म्हणाली.

चारुमतीने पित्याचे बोट धरले. मुद्रा पिकल्या फळासारखी तिच्या हातात आली. आपल्या बोटात घालून तिने ती ताडपत्रावर उलटी टेकवली आणि आज्ञा दिली, "जे जिवंत होते, ते जिवंत होवो." शाप फुटला. भिवजीने वर्षभराचा श्वास एकदम घ्यावा तसा श्वास घेतला आणि अर्धवट राहिलेला मुजरा पूर्ण केला. सर्वांच्या अंगांवरून उतरलेला पाषाण मात्र कर्कोटावर चढला. चार जणांनी त्याला उचलून राज्याच्या सीमेबाहेर नेऊन ठेवले.

चारुमतीने राज्याची मुद्रा तेवढी घेतली. काय जेवायचे, कुठे बसायचे, दाढी ठेवायची की नाही, हे राजाच ठरवी.

एके सकाळी त्याची दृष्टी स्वच्छ होती. रिकामे बोट पाहून त्याने विचारले, "मुद्रा कुठे आहे?" तिने सारे सांगितले, भिवजीचेही.

"इतके दिवस का थांबलीस?" तो म्हणाला.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारले, "मुद्रा कुठे आहे?"

"माझ्याकडे आहे, तात."

"बरे झाले," म्हणाला आणि त्याने न्हाव्याला पुन्हा एकदा परत पाठवले. त्या राज्यात सारे सुरळीत झाले.