आंधळ्यांच्या छपरावरची चित्रं

चित्रं होती छत्तीस. त्यांतलं सर्वांत उत्तम कोणतं ते ठरवायचं होतं, आणि ठरवायचं होतं गोजराबाईनं, जी जन्मापासून आंधळी होती.

झालं होतं असं. राजधानीच्या वेशीजवळ आंधळ्यांची धर्मशाळा होती. अकरा माणसं तिथे राहत आणि दोरखंड वळून पोट भरत. छप्पर इतकं गळकं, की पावसाळ्यात माणसं खाटा उचलून घरभर कोरडी जागा शोधत फिरत. हे उदयभान महाराजांच्या कानावर गेलं आणि त्यांना एक नामी कल्पना सुचली. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनी भर चौकात एक फेरी मारली आणि तिथल्या तिथे तिघांची नावं घेतली. त्या तिघांनी तीन दिवसांत अशीच फेरी मारायची, नाहीतर धर्मशाळेला शंभर मोहरा द्यायच्या. फेरी मारणाऱ्यानं पुढच्या तिघांची नावं घ्यायची.

राजधानीला पट्टीचं वेडच लागलं. सरदारांनी बांधली, सावकारांनी बांधली. जो तो दरबारी चिताऱ्याकडून पट्टी बांधलेलं आपलं चित्र काढून घेई. पावसानं खराब होऊ नये म्हणून ते मेणकापडावर रंगवून चौकात टांगलं जाई. फेरी सगळ्यांनीच मारली. त्यामुळे मोहरा कुणालाच द्याव्या लागल्या नाहीत.

गोजराबाई या सगळ्यात पहिल्यापासून सामील होती, आणि तिनं ते कधी लपवलं नाही. प्रत्येक फेरीनंतर आशीर्वाद द्यायला धर्मशाळेतलं कुणीतरी लागे. ते काम तिच्याकडे आलं होतं, कारण डोळ्यांत पाणी आणण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"सरदारांना दोन टिपं, महाराजांना चार," ती घरी येऊन सांगे. "नगरशेटांच्या वेळी नाकही ओढलं, तर गुळाची ढेप मिळाली. इथे छप्पर टपकतंय, तर मी चौकात जाऊन टपकून येते. माझ्यासारखी शहाणी मीच."

मग चित्रांवरून भांडण लागलं. महाराजांनी सर्वांत उत्तम चित्राला बक्षीस जाहीर केलं होतं, आणि परीक्षक कुणीही नेमला तरी बाकीचे म्हणणार, यानं तोंड पाहून निकाल दिला.

"मग ज्याला तोंडच दिसत नाही असा परीक्षक नेमू," महाराज म्हणाले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. गोजराबाईला दरबारात बोलावणं गेलं.

"हुजूर, चित्र म्हणजे काय हेच मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

"म्हणूनच तू कुणाची बाजू घेणार नाहीस. निकाल असा दे, की कुणाला खोडून काढता येऊ नये."

प्रधान त्र्यंबकपंत खाकरले. "आणि तिला जमलं नाही, तर धर्मशाळेची जागा चित्रशाळेला द्यावी, महाराज. चित्रांना हक्काचं घर मिळेल. छप्पर तेवढं दुरुस्त करून घेऊ."

"बरं," महाराज म्हणाले.

अकरा माणसांचं घर आता गोजराबाईच्या एका शब्दावर होतं. तिला रडू फुटलं. या वेळी खरंखुरं. पण दरबारात कुणी लक्ष दिलं नाही, सगळ्यांना सवय झाली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आठ दिवस चित्रं माझ्याकडे ठेवा, हुजूर. मी माझ्या रीतीनं पारखीन. तोवर तिकडे कुणी डोकावायचं नाही."

"मान्य."

चित्रं गाडीतून आली. गोजराबाईनं एकेक हातानं चाचपलं. मग धर्मशाळेतल्या भिकूला म्हणाली, "भिकूदादा, शिडी कुठे आहे? आणि चांगली पिळाची दोरी काढ. भरपूर काढ."

आठही दिवस पाऊस लागून राहिला. नवव्या दिवशी पालख्या येऊन दारात थांबल्या. पहिला आवाज आला तो प्रधानांचा.

"महाराजांचं चित्र छपरावर बांधलंय! आणि नाकावर कावळा बसलाय!"

"कुणाचं कुठे गेलं, मला काय कळणार, प्रधानजी?" गोजराबाई म्हणाली. "मला सगळी तोंडं सारखीच. आत या, निकाल तयार आहे."

महाराज वाकून आत आले. त्यांच्या पायांखालची जमीन कोरडी होती.

"बोल," ते म्हणाले. आवाज कडक होता.

"एका चित्राला जरीची झालर शिवलीय, हुजूर. सुईच्या भोकांतून पाणी आलं. भिकूदादा त्याखाली झोपला होता, अजून शिंकतोय. एक चित्र अंगानं लहान, त्याखाली आमची शेळी राहिली. एक सर्वांत मोठं होतं, त्याखाली सहा खाटा मावल्या आणि आठ दिवसांत एक थेंब आला नाही. ते कुणाचं?"

"आमचं," महाराज म्हणाले.

"मग बक्षीस तुमचं. कुणाला शंका असेल त्यानं आपापल्या चित्राखाली एक रात्र काढावी."

कुणालाच शंका नव्हती. महाराजांना जिंकल्याचा आनंद झाला, आणि लगेच जिंकलो ते कशात, हेही उमगलं.

"ही चित्रं खाली काढावीच लागतील, गोजराबाई," ते जरा नरमाईनं म्हणाले. "त्यांच्या जागी त्यांच्या तोडीचं काय देऊ?"

"साधी कौलं, हुजूर. हजारभर पुरतील. अगदी वाटलंच, तर प्रत्येकावर तुमचं तोंड काढून घ्या. आमची काही हरकत नाही."

आधी भिकू फसकन हसला. मग महाराज असे हसू लागले, की त्यांना शेळीच्या खुंट्याला धरून बसावं लागलं.

"कौलं आजच येतील," ते श्वास सावरत म्हणाले. "आणि छत्तीस जणांनी शंभर शंभर मोहरा द्यायच्या. पहिल्या माझ्या."

"पण महाराज, आपण सर्वांनी फेरी मारली होती," प्रधान म्हणाले.

"मीही मारली, पंत. दोन नोकर हाताला धरून चालवत होते, आणि खरं सांगू? पट्टीखालून मला सगळा रस्ता दिसत होता."

त्या संध्याकाळी कौलांच्या सात गाड्या आल्या. आठव्या गाडीत गोजराबाईसाठी दुभती म्हैस होती.